मदत हवी आहे: मुलीला ऑर्थोडॉन्टिस्टकडे पहिल्यांदा कधी न्यायचं?

रामबागवाली
नमस्कार. थेट विचारते. तारा लावणाऱ्या डॉक्टरकडे मुलांना पहिल्यांदा कधी नेतात? शाळेत दातांचं शिबिर झालं, मुलीबरोबर चिठ्ठी आली, तिच्यावर "ऑर्थोला दाखवा" एवढंच खरडलंय. सासूबाई म्हणतात, सगळे दुधाचे दात पडू देत. नवरा म्हणतो, तू ठरव. आमचे नेहमीचे दातांचे डॉक्टर गावाला गेलेत. इंदूरला राहतो. लांबलचक माहिती नको, कधी न्यायचं तेवढं सांगा.

मालवी_मिरची
वय?

सुदामानगरकर
बारा-तेरा. माझ्या मुलाला तेराव्या वर्षी तारा लावल्या, दोनेक वर्षांत दात सरळ. त्याआधी जाणं म्हणजे फी भरून "नंतर या" ऐकून येणं. सासूबाई बरोबर सांगताहेत.

पारदर्शक
तारा आता कोण लावतं हो? अलाइनर घ्या, दातांवर बसणारे ते पारदर्शक साचे. मी चाळिशीत लावले, ऑफिसात कोणाला कळलंसुद्धा नाही. जेवताना काढायचे, बाकी दिवसभर आणि झोपतानाही घालायचे. चहासाठी सारखे काढणाऱ्यांचं मात्र काही होत नाही. खर्च जास्त आहे, पण वर्थ इट.

मालवी_मिरची
पारदर्शक, मुलीबद्दल विचारलंय. रामबागवाली, वय सांगा ना.

रामबागवाली
दुसरीत आहे. दात तसे काही फार वाकडे नाहीत, म्हणून तर कळत नाहीये की चिठ्ठी का दिली.

भिया_इंदौरी
ताई, दाखवून टाका ना, काय फरक पडून राहिला. एमवाय हॉस्पिटलच्या जवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे, १९६१ पासूनचं. ऑर्थोचा विभाग वेगळा आहे. पैसे अगदी कमी लागतात. फक्त सकाळी लवकर जा, नाहीतर अर्धा दिवस बाकावर.

दंतकथा
मी बडोद्याला दातांची डॉक्टर आहे, ऑर्थोडॉन्टिस्ट नाही, त्यामुळे माझं गिऱ्हाईक वाढावं म्हणून सांगत नाहीये. दुसरीत म्हणजे सात-साडेसात धरते. हेच पहिल्यांदा दाखवायचं वय. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटनासुद्धा सातव्या वर्षापर्यंत एकदा तपासून घ्या असंच सांगते. याला कारण आहे. सहाच्या सुमाराला शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे पहिली कायमची दाढ येते. दूधदात न पडताच येते, म्हणून बरेच पालक तिला दुधाचीच समजतात. समोरचे पटाशीचे दात बदलायला लागलेले असतात. दाढा एकमेकींवर कशा बसतात, पुढच्या दातांना जागा पुरेल का, जबडा सरळ मिटतो का, हे सगळं या वयात दिसायला लागतं.

आता हे सांगा: समोरून कुठले दात पडून नवे आलेत? अंगठा चोखते का? तोंड उघडं ठेवून झोपते का? एखादी दाढ काढावी लागली होती का?

सुदामानगरकर
आलं अमेरिका. तिथे विमा पैसे देतो, म्हणून सातव्या वर्षी खुर्चीत बसवतात. इथे दुसरीतल्या पोरीच्या तोंडात तारा घालायच्या? दूधदात हलताहेत, तारा चिकटवणार कशाला? माझ्या मुलाच्याही समोर एवढी फट होती, लोकांनी घाबरवलं. सुळे आले, फट गेली.

दंतकथा
फटीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. साधारण आठ ते अकरा या काळात वरच्या समोरच्या दातांत फट दिसते, दात पंख्यासारखे पसरलेले वाटतात, आणि अकरा-बाराला वरचे सुळे उतरले की बऱ्याचदा आपोआप मिटते. पण मी तारा लावा असं म्हटलंच नाही. दाखवा म्हटलं. या वयात आलेल्या बहुतेक मुलांना डॉक्टर "सहा महिन्यांनी या" सांगून परत पाठवतात. त्याच पहिल्या तपासणीत थोडी अशी मुलं सापडतात, ज्यांच्यासाठी तेरापर्यंत थांबणं महाग पडतं.

सुदामानगरकर
"सहा महिन्यांनी या"ची फी कोण भरणार, तुम्ही?

मुठेकाठची
इंदूरकरांनी आधी सकाळची पोहे-जिलबी बंद करावी, मग दातांचं विचारावं. :)

भिया_इंदौरी
जिलबीवर यायचं नाही. पुण्याच्या लोकांचे दात काय मिसळ खाऊन मोत्यासारखे झालेत का?

मुठेकाठची
मिसळीत साखर नसते, भिया.

भिया_इंदौरी
अन् पाव? तो दातांत चिकटून बसतो ना. रात्री सराफ्याला या, गराडू खा, मग बोलू.

काकू_लोकमान्यनगर
अंगठा चोखत असेल तर कडुनिंबाचा पाला वाटून लावा. आमच्या तिन्ही मुलांना लावला. आणि बदाम भिजवून द्या, जबडा भरतो.

मालवी_मिरची
काकू, अंगठ्याचं तिने अजून सांगितलंच नाहीये.

दंतकथा
जिलबीवरून एक सांगून ठेवते. गोडानं दात थेट वाकडे होत नाहीत, किडतात. पण दुधाची दाढ किडली, "दुधाचीच तर आहे" म्हणून काढून टाकली, तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाते. दुधाची शेवटची दाढ तर दहा ते बाराव्या वर्षापर्यंत लागते. म्हणून लवकर काढलेल्या दाढेच्या जागी स्पेस मेंटेनर बसवतात, तारेचं छोटं कडं असतं ते.

रामबागवाली
एक दाढ गेल्या वर्षी काढली होती. खालची, उजवीकडची. दुधाचीच होती म्हणून लिहिलं नाही. कडं वगैरे काही बसवलं नाही. अंगठा नाही चोखत. झोपेत तोंड उघडं असतं, पण तिला बारा महिने सर्दी असते. वरचे समोरचे दोन आणि खालचे चार नवे आलेत.

मालवी_मिरची
बघा, आता कुठे धागा सुरू झाला.

पारदर्शक
सध्याच्या अलाइनर कंपन्या लहान मुलांसाठीसुद्धा काढतात, हे मी सुचवत होतो.

दंतकथा
काढतात. पण काय करायचंय ते ठरायच्या आधी कशानं करायचं याची चर्चा नको.

रामबागवाली, घरी एक बघा. तिला खिडकीसमोर उभी करा. जिभेचं टोक टाळूला जमेल तेवढं मागे लावायला सांगा आणि तसंच हळूहळू मागच्या दाढा मिटू देत. पहिला दात कुठे टेकतो, आणि पूर्ण मिटताना हनुवटी एका बाजूला सरकते का ते पाहा. मग ओठ बाजूला करून दोन्हीकडच्या दाढा पाहा. डब्यावर झाकण बसतं तशी वरची रांग खालच्या रांगेच्या किंचित बाहेर हवी.

आईपण_इन
माझ्या मुलाच्या खालच्या दुधाच्या दातामागून नवा दात आलाय, दोन रांगा झाल्यात शार्कसारख्या. त्यालाही न्यायचं का?

दंतकथा
पुढचा दूधदात हलत असेल तर थांबा. तो पडला की जीभ मागच्याला पुढे ढकलते. हलतच नसेल तर दाखवा, तो काढावा लागेल. आणि प्लीज वेगळा धागा काढा.

रामबागवाली
बघितलं. सरकते. उजवीकडे. आणि उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसतात. मला वाटायचं तिला तसं तोंड करायची सवय आहे, फोटोतसुद्धा हनुवटी तिरकीच दिसते. आम्ही तिला ओरडायचो, नीट हस म्हणून.

दंतकथा
मग चिठ्ठी देणाऱ्यानं बहुधा हेच पाहिलं असणार. याला क्रॉसबाईट म्हणतात. इथून बघून निदान होत नाही, पण हे वाट बघण्यातलं नाही. वरचा जबडा अरुंद असला की दाढा नीट जुळाव्यात म्हणून मूल खालचा जबडा एका बाजूला सरकवून चावतं. वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर जबड्याची वाढही तिरकी होऊ शकते.

आत्ता सोपं का, तर टाळूच्या मधोमध दोन हाडांचा सांधा असतो आणि तो वयात येईपर्यंत पक्का जुळलेला नसतो. तोवर टाळूला प्लेट बसवून हळूहळू रुंदी वाढवता येते. पुढे सांधा घट्ट होत जातो आणि मोठेपणी त्याच कामासाठी ऑपरेशनसुद्धा लागू शकतं.

मालवी_मिरची
माझ्या भाचीला आठव्या वर्षी अशी प्लेट लावली होती. मध्ये स्क्रू असतो. वहिनी रोज रात्री किल्लीने एक फेर द्यायची, एका फेराला पाव मिलीमीटर. थोड्याच दिवसांत समोरच्या दोन दातांत ही मोठी फट! वहिनी रडकुंडीला. डॉक्टर म्हणाले, छान, हीच हवी होती. नंतर मिटली. सुरुवातीला तोतरं बोलायची, लाळ गळायची, पोळी तुकडे करून द्यावी लागायची. पण मुलं रुळतात, आयाच रुळत नाहीत.

सुदामानगरकर
क्रॉसबाईट असेल तर गोष्ट वेगळी. हे आधी लिहायला हवं होतं.

रामबागवाली
मला माहीत असतं तर इथे विचारलं असतं का?

भिया_इंदौरी
भिया, मान्य करून टाका आता.

सुदामानगरकर
मान्य काय करायचं? तारा लावायचं वय बारा-तेराच, मी तेच म्हटलं होतं. प्लेट लावून झाली तरी पुढे तारा चुकतीलच असं नाही. विचारा डॉक्टरीणबाईंना.

दंतकथा
खरं आहे. सगळे दात आल्यावर पुढे तारा लागू शकतात. डॉक्टरांनी तसं सांगितलं तर फसवलं असं वाटून घेऊ नका. आणि सर्दीचं विसरू नका. बारा महिने नाक बंद आणि तोंडानं श्वास, तर कान-नाक-घसावाल्यांनाही दाखवा. या वयात नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी वाढलेल्या असतात बऱ्याच मुलांच्या. तोंड सतत उघडं राहिलं की जीभ टाळूला टेकत नाही, आणि टाळू अरुंद राहण्यात त्याचाही हात असू शकतो.

काकू_लोकमान्यनगर
सर्दीला ओवा भाजून, पुरचुंडी करून हुंगायला द्या. त्याने काही नुकसान नाही.

रामबागवाली
सरकारी कॉलेजात जाऊ की खाजगीत? आणि डॉक्टर बरोबर आहे हे कसं ओळखायचं? पाटीवर सगळेच सगळं लिहितात.

भिया_इंदौरी
वेळ असेल तर कॉलेज. तिथे शिकणारे डॉक्टर बघतात, मग सर येऊन परत बघतात, म्हणजे दोनदा तपासणी होऊन जाते. पण प्रत्येक वेळी तेवढाच वेळ जाईल, शाळा बुडेल.

दंतकथा
बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेलं हवं, विचारायला लाजू नका. लहान मुलांचे दंतवैद्य, म्हणजे पेडोडॉन्टिस्ट, तेही चालतील. क्रॉसबाईट आणि काढलेल्या दाढेची जागा ही दोन्ही त्यांच्या रोजच्या कामातली आहेत. पहिल्याच भेटीत, दात न मोजता कोणी पूर्ण पॅकेजचा आकडा सांगितला तर उठून या.

रामबागवाली
शनिवारची वेळ मिळाली, पलासियाला. सासूबाईही येणार आहेत, त्यांना स्वतः ऐकायचंय. पूर्ण तोंडाचा एक्स-रे आधीच काढून नेऊ का? एक चक्कर वाचेल.

दंतकथा
नको. आधी तपासू देत, लागला तर डॉक्टरच ओपीजी, म्हणजे हाच पूर्ण तोंडाचा एक्स-रे, काढायला सांगतील. मुलाला उगाच एक्स-रे नको. गेल्या वर्षी दाढ काढण्याआधी काढलेला छोटा एक्स-रे घरात असेल तर तो न्या, आणि शाळेची चिठ्ठी. काढलेल्या दाढेच्या जागी आता किती जागा उरलीय हे आवर्जून विचारा, क्रॉसबाईटच्या बोलण्यात ते राहून जातं.

सुदामानगरकर
आणि फी किती घेतली ते इथे येऊन लिहा.