भाव उतरला म्हणजे घोडा चढला?

पाटीपेन्सिल: मंडळी, घोडं एका शब्दापाशी पेंड खातंय. एका रविवार पुरवणीसाठी जपान कप या घोड्यांच्या शर्यतीची ओळख करून देणारा मजकूर मराठीत आणतोय. टोकियोच्या फुचूतलं मैदान, हिरवळीवर 2400 मीटर, नोव्हेंबरचा शेवटचा रविवार, सुरुवात 1981 ची. इथवर काही अडलं नाही. मग वाक्य येतं की रात्रीत एका घोड्याचा आकडा, म्हणजे तो जिंकला तर लावलेल्या पैशाच्या किती पट परत मिळणार तो, 6 वरून 3.5 वर आला. मी लिहिलं, 'भाव घसरला'. घरी वाचून दाखवलं तर सासरे म्हणाले, "का, लंगडला काय?" त्यांची हयात गुळाच्या अडतीत गेली. भाव घसरला म्हणजे मालात खोट नाहीतर आवक जास्त, हे त्यांचं गणित. इथं उलटंच आहे. लोक त्याच घोड्यावर तुटून पडलेत म्हणून आकडा खाली आलाय. 'वधारला' लिहावं तर आकडा खोटा पडतो, 'घसरला' लिहावं तर अर्थ. तिसरा शब्द आहे का कुणाकडं? शुक्रवारी दुपारी मजकूर द्यायचाय.

शिवाजीपेठी: भावा, सोपं आहे. 'लोकांनी घोड्याला भाव दिला' असं लिही. भाव मिळाला की भाव उतरतो!

पाटीपेन्सिल: हसलो. पण पुरवणीत चालायचं नाही.

जुना पंटर: तरुणपणी नोकरीनिमित्त मुंबईत होतो, तेव्हा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर नेमानं जायचो. बुकीच्या, म्हणजे पैजा घेणाऱ्याच्या, कठड्यापाशी सगळे 'भाव पडला' असंच म्हणत. तो शब्द ऐकला की माणसं धावत सुटायची, कारण भाव पडला म्हणजे कुणीतरी जाणत्यानं मोठी रक्कम लावली. सासऱ्यांना काय वाटेल याची काळजी करू नका. ज्याचा धंदा त्याची भाषा.

चांदीचा कारागीर: काका, पण वाचणारे सगळे महालक्ष्मीवर गेलेले नसतात ना! आमच्या हुपरीत 'भाव पडला' म्हटलं तर दुकानं चिंतेत पडतील.

व्याकरणवेडी: मला मुळात 'भाव' हा शब्दच इथं अनाठायी वाटतो. भाव तिथं असतो जिथं विकणारा असतो. जपानमध्ये बुकी नाहीत, सगळा कारभार टोटचा. लोकांनी लावलेले पैसे एका ठिकाणी जमतात, आयोजक आपला हिस्सा काढून घेतात आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. त्याला 'परतावा-गुणक' म्हणावं. 'गुणक कमी झाला' म्हटलं की कुणाचा गैरसमज होणार नाही.

शिवाजीपेठी: गैरसमज कशानं होईल, वाचणाराच उरणार नाही. ताई, गुणक म्हटलं की सातवीची गणिताची वही आठवते.

जुना पंटर: ताईंचा मुद्दा मात्र खोटा नाही. आमच्याकडं म्हणायचे, आपण 'लावतो' आणि बुकी 'खातो'. 'पाच हजार खाल्ले' म्हणजे त्यानं पाच हजारांचा सौदा अंगावर घेतला. बुकीकडं एकदा चिठ्ठी फाडली की तो भाव तुमचा, मग तो पडो नाहीतर चढो. टोटमध्ये खाणारा कुणी नाही, म्हणून भाव सांगणाराही कुणी नाही. घोडे सुटेपर्यंत आकडा हलतच राहतो. तुम्ही 6 बघून लावलेत तरी हातात पडताना 3.5 नंच पडणार.

पाटीपेन्सिल: हे नेमकं काय चालतं ते सासऱ्यांना कागदावर मांडून दाखवलं. समजा एका खेळात 1 लाख येन जमले. जपानमध्ये 'पहिला कोण' या तिकिटावर 20 टक्के कापून घेतात, उरले 80 हजार. आपल्या घोड्यावर लोकांचे 10 हजार असतील तर आकडा 8. तेच 40 हजार असतील तर 2. म्हणजे 100 येनच्या तिकिटाला 200 परत, आणि त्यात आपले 100 आलेच. सासरे कागदाकडं बघत बसले आणि म्हणाले, "मग ह्याला भाव न्हाई म्हणत, ह्याला वाटणी म्हणत्यात."

व्याकरणवेडी: वाटणी! उत्तम. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

ऊसकरी: थांबा, वाटणी भावकीत असते आणि तिथून कोर्टात जाते. आमच्या बाजूला दोन शब्द पक्के वेगळे आहेत. उसाला आणि दुधाला 'दर', गुळाला आणि सोन्याला 'भाव'. दर कुणीतरी बसून ठरवतं, भाव पुकारून निघतो. म्हणून दरासाठी आंदोलन होतं आणि 'कोंडी फुटली' अशी बातमी येते. भावासाठी कधी चक्का जाम झाल्याचं ऐकलंय का?

चांदीचा कारागीर: 'कांद्याचा भाव' म्हणतात आणि त्यासाठी रस्ताही अडवतात.

ऊसकरी: ते नाशिककडं. आपण कोल्हापूरचं बोलतोय.

ग्रंथालयातला कोपरा: 'भाव'वर एवढं रण माजवता, तर आधी 'शर्यत' कुठून आली ते बघा. मूळ अरबी 'शर्त', म्हणजे अट. आधी अट घातली, मग अटीवर पळवलं, आणि शेवटी पळण्यालाच शर्यत म्हणू लागलो. 'पैज' मात्र घरची. संस्कृत 'प्रतिज्ञा' झिजत झिजत पैज झाली. म्हणजे एका शब्दाच्या पोटात अट आहे, दुसऱ्याच्या पोटात शपथ. पैसा मुळात दोन्हीत नाही! पैसा लावण्याचा अस्सल शब्द 'पण'. द्यूतात धर्मराजानं लावला तो पण. 'प्राणपणानं' म्हणतो तेव्हा तोच जुगार बोलत असतो.

शिवाजीपेठी: 'त्यानं पण पण लावला, पण हरला.' छापा आता.

व्याकरणवेडी: चेष्टा सोडा, पण एक विचारते. जुगाराला इतके नेमके शब्द हवेतच कशाला? अर्थ धूसर राहिला तर बरंच की.

जुना पंटर: ताई, घोड्यांच्या शर्यतीत कौशल्य आहे, निव्वळ नशीब नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंच 1996 मध्ये म्हटलंय. मटक्याच्या पंगतीला बसवू नका.

ग्रंथालयातला कोपरा: शब्द धूसर ठेवल्यानं जुगार कमी होत असता तर 'आकडा' म्हटल्यावर मटका केव्हाच बंद पडला असता.

पाटीपेन्सिल: जपानी लोकांकडंही गंमत आहे. ज्याच्यावर कुणी फारसं लावत नाही पण जो घात करू शकतो, त्याला ते 'आना-उमा' म्हणतात. 'आना' म्हणजे भोक, 'उमा' म्हणजे घोडा. भोकातला घोडा! मी 'छुपा रुस्तम' लिहून मोकळा झालो. आता दुसरी अडचण. 2005 नंतर थेट 2025 मध्ये परदेशी घोड्यानं हा कप जिंकला. फ्रान्सहून आलेला कालांदागान. वेळ 2 मिनिटं 20.3 सेकंद, आल्मंड आय या घोडीचा 2018 चा 20.6 चा विक्रम मोडून. हा कालांदागान वृषण काढलेला आहे. मी 'खच्ची केलेला घोडा' लिहिलं, तर पुरवणीतून फोन आला, "जिंकलेल्या घोड्याला खच्ची कसं म्हणता?"

ऊसकरी: हाहा! खरंय, आता माणसंच खच्ची होतात. बैलाला आम्ही 'बडवलेला' म्हणतो. घोड्याला चालेल का?

व्याकरणवेडी: 'बडवलेला घोडा' वाचून प्राणिमित्र दारात येतील.

टांगेवाल्याचा नातू: शब्द आहे की. 'आख्ता'. आमच्या आजोबांचा टांगा स्टेशनवर असायचा. घोडा विकत घ्यायचा झाला की त्यांचा पहिला प्रश्न, "आख्ता हाय का?" आख्ता असला की बाजारात घोडी दिसली तरी मान वळत नाही, सवारी सुखरूप पोचते. एकदा आख्ता म्हणून आणलेला निघाला भलताच. महाद्वार रोडवर वरातीची घोडी दिसली आणि हा टांग्यासकट वरातीत. आत बसलेल्या बाईंच्या मांडीवर अंड्यांची करंडी होती. आजोबांनी भरपाई दिली, आणि विकणाऱ्याचं नाव मरेपर्यंत घेतलं नाही. 'त्यो' एवढंच म्हणायचे.

ग्रंथालयातला कोपरा: आख्ता फारसीतून आलाय. म्हणजे शुद्ध मराठी नव्हे.

टांगेवाल्याचा नातू: मग 'खच्ची' काय करवीर निवासिनीनं दिला? तोही बाहेरचाच.

ग्रंथालयातला कोपरा: मी फक्त नोंद केली.

शिवाजीपेठी: आमच्यात शर्यतीच्या खोंडाला कुणी हात लावत नाही. बैलांच्या बिनजोड शर्यतीला उतरायचं तर रग पाहिजे. जपानला जिंकणारा आख्ता असतो हे अड्ड्यावर सांगितलं तर हाणतील मला.

जुना पंटर: घोड्याचं वेगळं असतं. डोकं थंड राहतं, वजन मर्यादेत राहतं, जास्त वर्षं पळतो. बरं, शब्दांच्या नादात एक राहिलं. 1981 च्या पहिल्याच जपान कपात आपल्या भारताचाही घोडा पळाला होता. नाव ओन ओपिनियन, म्हणजे 'स्वतःचं मत'. तिकडं त्याला 'भारताचा शिंझान' म्हणायचे, शिंझान हा त्यांचा 1964 चा तिहेरी मुकुटाचा, म्हणजे तीन मानाच्या शर्यती जिंकणारा, मानकरी. आपला मागं राहिला. जिंकली ती अमेरिकेची घोडी, मेअरझी डोट्स.

शिवाजीपेठी: स्वतःचं मत घेऊन कोल्हापूरकर जपानला गेला आणि मागं पडला, असं म्हणा की.

ऊसकरी: त्याचा भाव काय होता?

जुना पंटर: वाटणी म्हणा, वाटणी.

पाटीपेन्सिल: मजकूर गेला. मी लिहिलं होतं, 'भाव उतरला, म्हणजेच पसंती वाढली'. जागा कमी पडली म्हणून 'म्हणजेच'पासून पुढचं कापलं गेलंय. सासरे रविवारची वाट बघतायत.

टांगेवाल्याचा नातू: आणि आख्ता?

पाटीपेन्सिल: 'नर घोडा' छापणार आहेत.

टांगेवाल्याचा नातू: त्यो पण असाच म्हणाला होता.