बावची, ऊन आणि ३०८ नॅनोमीटर

'कोडासाठी (त्वचेवरच्या पांढऱ्या डागांसाठी) लेझर कशाला, बावची लावून कोवळ्या उन्हात बसा' असा सल्ला काही जण देतात, त्याबद्दल थोडं. बावची या औषधी वनस्पतीत सोरालेन, म्हणजे त्वचेवर अतिनील किरणांचा परिणाम वाढवणारं द्रव्य असतं हे खरंच. पुवा उपचारातही (औषध देऊन मग मोजून अतिनील किरण देतात तो) सोरालेनच वापरतात. पण उन्हाचा डोस मोजणार कसा? माझ्या मावशीने हा प्रयोग केला आणि पायावर टरारून फोड आले. डाग राहिला बाजूलाच, महिनाभर मलमपट्टी!

कोडाच्या लेझरमध्ये, म्हणजे एक्झायमरमध्ये, ३०८ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण फक्त डागावर सोडतात. आजूबाजूची चांगली त्वचा वाचते, त्यामुळे डोस वाढवायलाही वाव मिळतो. आठवड्यातून दोन-तीनदा, पण लागोपाठच्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी डाग हलका गुलाबी दिसला तर ठीक. आग होऊन फोड आला तर डोस जास्त झाला, डॉक्टरांना सांगा.

आणि डागावरचे केस जरूर बघा. काळे असतील तर आशा चांगली, कारण नवा रंग बहुतेक करून केसांच्या मुळांतल्या रंगपेशींतून येतो. आधी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उमटतात, मग ते पसरून एकमेकांत मिसळतात. म्हणूनच चेहरा, मान लवकर भरते आणि बोटांची टोकं हटून बसतात. तिथे केसच नाहीत ना!

अंगभर डाग असतील तर मात्र हे यंत्र पुरं पडत नाही. नॅरोबँडच्या, म्हणजे सगळ्या अंगावर अतिनील किरण सोडणाऱ्या दिव्यांच्या कपाटात उभं राहावं लागतं. या किरणांनी सोरायसिसचे (खपल्या धरणाऱ्या त्वचारोगाचे) चट्टे त्यामानाने लवकर विरतात. कोडाला महिने लागतात, तेव्हा तिसऱ्याच आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका.