‘किफायतशीर’ म्हणजे नेमकं कोणाला परवडणारं?

अनुवादिका: सार्वजनिक आरोग्ययंत्रणा नवं औषध घ्यायचं की नाही हे कसं ठरवते, यावरच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करतेय. ‘कॉस्ट-इफेक्टिव्ह’ला ‘किफायतशीर’ लिहिलं. आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, “म्हणजे स्वस्तातलं औषध गळ्यात मारणार.” दुसरा शब्द सुचतो का?

जुनी पोथी: ताई, शब्द बरोबर आहे. मूळ अरबी ‘किफाया’, म्हणजे पुरेसं असणं. मराठीत तो फायद्याकडे वळला. शेतकरी ‘किफायतशीर भाव’ मागतो तेव्हा चार पैसे जास्तच मागतो ना? ‘स्वस्त’ एवढाच त्याचा अर्थ नाही.

आकडेमोड: माझं रोजचं काम हेच. जुन्या उपचारापेक्षा नव्याला किती जास्त खर्च येतो आणि त्या जादा पैशात किती जादा आयुष्य मिळतं, हे बघतात. चार वर्षं वाढली पण तब्येत निम्मीच राहिली, तर दोनच धरतात. इंग्लंडमध्ये ‘नाइस’ ही संस्था १९९९पासून असे हिशेब मांडते. झोलजेन्स्मा हे तान्ह्या मुलांच्या जनुकीय स्नायूविकारावरचं औषध. छापील किंमत एका डोसला १७ लाख ९० हजार पाउंड! २०२१मध्ये घासाघीस करून तिथे ते घेतलंच. याला स्वस्त कोण म्हणेल?

मायमराठी: मग अरबी शब्द हवाच कशाला? ‘खर्चसार्थ’ म्हणा.

जुनी पोथी: ‘खर्च’ही फारसीतूनच आलाय.

मायमराठी: तो घरचा झालाय. ‘किफायतशीर’ घरचा असता तर ताईंच्या आईंना अडला नसता.

अनुवादिका: ‘खर्चाच्या मानाने गुणकारी’ आईला लगेच कळलं. पण तक्त्याच्या रकान्यात मावत नाही.

आकडेमोड: रकाना रुंद करा, अर्थ आखडू नका. आणि पत्रकाच्या शीर्षकात या ठरवण्याच्या पद्धतीला ‘आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकन’ म्हटलंय, त्याचं काय? ‘तंत्रज्ञान’ म्हटलं की लोकांना यंत्रंच दिसतात. यात लस, शस्त्रक्रिया, सरसकट तपासणीची मोहीमसुद्धा येते.

मायमराठी: ‘मूल्यांकन’ हिंदीतून आलेलं. आपलं ‘मूल्यमापन’. शाळेपासून तेच शिकलो.

जुनी पोथी: दोन्ही संस्कृतच. मापन म्हणजे मोजणं, अंकन म्हणजे आकडा घालणं. इथे तर आकडाच घालतात, मग ‘मूल्यांकन’ का नको?

आकडेमोड: आकड्यावर थांबत नाहीत. आजार किती दुर्मिळ, दुसरा उपचार आहे का, हेही निर्णय घेणाऱ्या समितीत बोललं जातं. माझं मत ‘मूल्यमापन’ला.

अनुवादिका: पत्रक उद्या छापायला जातंय. ‘किफायतशीर’ ठेवू की काढू?

जुनी पोथी: ‘मापन’मध्ये हा आकड्यापलीकडचा विचार येतो, हे मला पटत नाही. ‘मोजमाप’ शब्द बघा…