मँडरिन सोडा, मराठी ठेवा: जर्मन शाळेतल्या तीन भाषा आणि आपली चौथी

कैरी_लोणचं

थोडक्यात पार्श्वभूमी. आम्ही सिंगापूरला, त्याआधी काही वर्षं स्टुटगार्टजवळ होतो. नवरा जर्मन कंपनीत, दोन-तीन वर्षांत परत तिकडं बोलावतील असं चाललंय (गेल्या वर्षीही असंच चाललं होतं, असो). लेक तिकडच्या किटामध्ये (पाळणाघर-बालवाडी) जर्मन बोलायला शिकली होती म्हणून इथं आल्यावर तिला एका इंटरनॅशनल शाळेच्या जर्मन विभागात घातलं. आता पहिलीत आहे. विषय जर्मनमधून, जोडीला इंग्रजी, आणि वर मँडरिन, जे घेतलंच पाहिजे असं नाही पण आजूबाजूचे सगळे घेतात म्हणून आपणही घ्यायचं असा प्रकार. घरी मराठी.

आता मुद्दा. इथली आमच्या ओळखीची मराठी घरं एकजात म्हणतात की पोरांना लोड होतोय, काहीतरी कमी करायला हवं. बरोबर आहे, होतोय. पण कमी काय करायचं म्हटलं की पहिली कुऱ्हाड मराठीवर! रविवारचा मराठी वर्ग बंद, घरात आईबाप एकमेकांशीसुद्धा इंग्रजीत बोलायला लागलेत, का तर शाळेला मदत होईल. मँडरिनची ट्यूशन मात्र पैसे मोजून चालू.

माझं म्हणणं उलट आहे. एक भाषा कमी करायचीच तर मँडरिन करा. ती लिपी रोज गिरवल्याशिवाय हाताला बसत नाही, आठवड्याला दोन-तीन तासांत रंग, फळं आणि निहाओ यापुढं गाडी जात नाही, इथं चिनी घरातली पोरंसुद्धा त्या विषयाला शिकवणी लावतात. जर्मन-इंग्रजीला शाळा आहे. मराठीला कोण आहे? सिंगापूरच्या सरकारी शाळांत तमिळ आहे, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू मातृभाषा म्हणून घेता येतात, मराठी त्या यादीत नाही. म्हणजे लेकीला सरकारी शाळेत घातलं असतं तरी हिंदीच वाट्याला आली असती. आपण नाही केलं तर कुणीच करणार नाहीये.

बोला. शिव्या घालायच्या तर मुद्द्याला धरून घाला.

दादरचा_दादा

ताई, सपशेल असहमत. मीही सिंगापूरलाच, बरीच वर्षं झाली. इथं चारातले जवळजवळ तीन लोक चिनी वंशाचे. कामावर सगळं इंग्रजीत चालतं हे खरं, पण मीटिंग संपून लोक जेवायला बसले की भाषा बदलते आणि आपण ताटात बघत बसतो. तुमच्या मुलीला ते टाळायची संधी मिळतेय, तीही सहाव्या वर्षी, जेव्हा कान तयार असतो आणि मँडरिनचे ते चार चढउतार (टोन) पोरं सहज उचलतात. मी पस्तिशीत प्रयत्न केला, शिकवणारी बाईच हसायला लागली.

आणि मराठी कुठं पळून जात नाही हो. मी दादरला इंग्रजी माध्यमात शिकलो, मराठी घरात आणि गल्लीत आली. त्यासाठी वर्ग कशाला हवा?

कैरी_लोणचं

दादा, गल्ली दादरची होती ना! इथं लिफ्टमध्ये मराठी ऐकू येतं का? तुमच्या मुलांचं काय ते नाही लिहिलंत.

दादरचा_दादा

मुलांना समजतं सगळं. उत्तर इंग्रजीत देतात. चालतं आमच्या घरात.

हेर_पुणेकर

म्युनिकहून. तुम्ही दोघं मराठी की मँडरिन करत बसलाय आणि खरी अडचण आहे ती जर्मनची. ज्या घरात आई किंवा बाप जर्मन नाही त्या घरातल्या पोराला जर्मन माध्यमात टिकवणं हेच मोठं काम आहे. माझ्या भाच्याचं सांगतो, तोही असाच परदेशातल्या जर्मन शाळेतून तिसरीत इकडे आला. मैदानावर त्याचं जर्मन ऐकाल तर बव्हेरियन वाटावं, शिव्यांसकट. पण गणितातलं शाब्दिक उदाहरण दिलं की गप्प. वजाबाकी येते, कुणाकडून किती गेले आणि मागे किती उरले हे त्या लांबलचक वाक्यातून कळत नाही, कारण जर्मनमध्ये जोडवाक्यात क्रियापद बरेचदा येतं शेवटी आणि तोवर पोरगं पहिला आकडा विसरलेलं असतं.

इकडे बहुतेक राज्यांत चौथीनंतर ठरतं की पोरगं गिम्नाझियमला (विद्यापीठाच्या वाटेवरची शाळा) जाणार की दुसरीकडे. बर्लिन-ब्रांडेनबुर्गला सहावीनंतर, बाकी बहुतेक ठिकाणी चौथीच. परत यायचं असेल तर तुमच्या हातात तीन वर्षं आहेत. त्या तीन वर्षांत घरी जर्मन वाढवा, संध्याकाळी जर्मन कार्टून, जर्मन पुस्तकं, जमेल तसं जर्मन बोला. मराठी आणि मँडरिन दोन्ही थांबू शकतात. कटू आहे पण खरं आहे.

शाळामास्तर

हेर साहेब, दुखणं बरोबर ओळखलंत आणि औषध उलटं दिलंत. मी पुण्यात बरीच वर्षं जर्मन शिकवतोय. आईबापांनी बी-वन (मधल्या) लेव्हलच्या तुटक जर्मनमध्ये पोराशी घरी बोलू नये, हे मी प्रत्येक पालकाला हात जोडून सांगतो. पोराला शाळेत चांगलं जर्मन ऐकू येतं. घरी त्याला भरपूर, गुंतागुंतीचं, चेष्टामस्करीचं, भांडणाचं बोलणं ऐकायला मिळायला हवं, आणि ते आईबापाला ज्या भाषेत जमतं त्याच भाषेत मिळू शकतं. 'डेर-डी-दास'मध्ये, म्हणजे नामांच्या लिंगातच, अडखळणारा बाप पोराला पाऊस का पडतो ते समजावणार कसं? तो समजावतच नाही, 'उद्या शाळेत विचार' म्हणतो.

कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७९ च्या सुमारास ही फोड करून ठेवलीय. गप्पांपुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची, पुस्तकातली भाषा वयाच्या मुलांच्या बरोबरीनं यायला पाच ते सात वर्षं लागतात. तुमच्या भाच्याचं नेमकं हेच झालं. त्यांचं दुसरं म्हणणं असं की पहिल्या भाषेत पक्कं झालेलं डोकं दुसरीत कामाला येतं. घरी मराठीत रोज गोष्ट ऐकणारं, 'मग पुढं काय झालं असेल' याचं उत्तर देणारं पोर जर्मनमधलं शाब्दिक उदाहरणही लवकर सोडवतं.

एक गंमत. जर्मनमध्ये ५३ म्हणताना आधी तीन मग पन्नास. इंग्रजीच्या सवयीची मुलं ऐकून ३५ लिहितात, दोन वर्षं लिहितात. मराठीत त्रेपन्न म्हणताना आपणही तीन आधीच म्हणतो. घरी मराठीत पाढे म्हणणाऱ्या पोराला हा उलटा क्रम नवा नसतो. आता आपल्या शहरातल्या पोरांनाच त्रेपन्न म्हणजे किती ते इंग्रजीत सांगावं लागतं ही गोष्ट वेगळी.

हेर_पुणेकर

मास्तर, पुस्तकात ठीक आहे. पण पाच ते सात वर्षं तुम्हीच म्हणताय आणि चौथीचा निकाल तीन वर्षांवर आहे. त्या मधल्या खड्ड्याचं काय?

शाळामास्तर

त्यासाठी जर्मन वाचन वाढवा, शाळेत परकी भाषा म्हणून जर्मनचा जादा तास असेल तर तो न लाजता घ्या. तो तास कच्च्या पोरांचा असतो असं समजून आपले लोक नको म्हणतात. आईचं मराठी बंद करून तो खड्डा भरत नाही.

भटकी_भाकरी

बार्सिलोनाहून. आमच्याकडे जर्मन, स्पॅनिश, कॅटलान आणि इंग्रजी. इथं १८९४ पासून जर्मन शाळा आहे आणि कितीतरी कॅटलान घरांतली पोरं अशा शाळांत शिकतात, घरी कुणाला जर्मन येत नाही, तरी निभतं. पोरं आपल्याइतकी घाबरत नाहीत.

पण मी ताईंच्या विरुद्ध बाजूला आहे, वेगळ्या कारणासाठी. माझा मुलगा मराठी बोलतो, वाचत नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही. मराठी त्याला आजीसाठी हवीय आणि आजीशी तो फोनवर तासभर बोलतो. मध्ये चौथीचा निकाल आला, गणितात एक. जर्मन शाळेत एक म्हणजे सर्वात भारी आणि सहा म्हणजे सर्वात वाईट, पण त्यानं आजीला नुसतं 'एक मिळाला' सांगितलं. आजी म्हणाली असू दे बाळा, पुढच्या वेळी दोन मिळव. मग त्यानं तिला मराठीतच सगळी मार्कांची पद्धत समजावली, दहा मिनिटं लागली. एवढं येतंय ना? मग रविवारची सकाळ घालवून 'ळ' कशाला गिरवायचा?

कैरी_लोणचं

बोलतोय म्हणून चांगलंच आहे. पण भाकरीताई, तुम्ही तरी त्याच्याशी मराठीत बोलताय. आमच्याकडं बोलणंच बंद पडतंय. वर्ग बंद झाला की सोबतची चार मराठी पोरं जातात, आणि पोरांना आईपेक्षा चार पोरं जास्त पटतात.

मिरचीपावडर

मजा आहे बुवा. वर्षाला तीसेक हजार सिंगापूर डॉलर फीच्या घरातल्यांचं दुःख वाचतोय. इकडे महाराष्ट्रात १६ एप्रिल २०२५ ला जीआर निघाला, पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी, केवढा गदारोळ झाला, जूनमध्ये शब्द फिरवून दुसरा जीआर काढून पाहिला आणि २९ जूनला दोन्ही जीआर मागे घेतले. तेव्हा हेच लोक लिहीत होते की सहा वर्षांच्या पोराला तीन भाषा म्हणजे अत्याचार. आणि स्वतःचं पोर सिंगापूरला पैसे भरून चार शिकतंय. इथं अत्याचार, तिथं ग्लोबल सिटिझन?

शाळामास्तर

मिरचीराव, टोमणा चांगला आहे पण दोन गोष्टींत फरक आहे. तिकडे वर्गात वीसेक मुलं, प्रत्येक भाषेला ती भाषा शिकवायला शिकलेला शिक्षक, आणि नको असेल तर नको म्हणायची सोय. आपल्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत दोन गुरुजी चार-पाच इयत्ता एकत्र बसवून शिकवतात, वर खिचडीचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरायची. तिथं तिसरी भाषा म्हणजे आणखी एक पुस्तक दप्तरात. भाषा किती यापेक्षा शिकवणारा कोण आणि वेळ किती हे बघावं लागतं.

मिरचीपावडर

म्हणजे तीन भाषा पैसेवाल्यांना झेपतात. मी तेच म्हणत होतो.

कैरी_लोणचं

मिरचीपावडर, फी कंपनी भरते, आम्ही नाही, पण तुमचा मुद्दा मान्य.

दादांसाठी एक गोष्ट. आमच्या ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरला (खाण्याच्या स्टॉल्सचं ठिकाण) एक म्हाताऱ्या आंटी आहेत, कॉफीच्या स्टॉलवर. त्यांची भाषा हॉकियन, चिनीची एक बोली. सिंगापूर सरकारनं १९७९ मध्ये 'मँडरिन बोला' मोहीम काढली, पोटभाषा सोडा म्हणून, मग टीव्ही-रेडिओवरनं हॉकियन, टिओच्यू, कँटोनीज हळूहळू गेल्या. आंटींचा नातू शाळेतून येऊन तिथं बसतो. तो इंग्रजीत बोलतो, अडलं तर मँडरिनमध्ये, आंटींना मँडरिन जेमतेम. दोघं बरेचदा बोटानं दाखवून भागवतात, हा कप, तो कप. तिथंही लोकांनी हेच म्हटलं असणार की घरातली भाषा कुठं जातेय, घरातच तर आहे.

दादरचा_दादा

आंटींचा नातू उद्या शांघायला नोकरी करेल हेही लिहा की. सरकारनं ते उगाच नाही केलं, वेगवेगळ्या बोलींचे लोक एका वर्गात बसवायचे होते.

आणि ताई, तुमच्या म्हणण्यात एक भोक आहे. मँडरिन तुमची नाही म्हणून सोडा म्हणताय. मग जर्मन कुठं तुमची आहे? नवऱ्याच्या बदलीसाठी पोरीवर जर्मन घातलीय ना? जी बदली गेल्या वर्षीही होणार होती? मग मी म्हणतो मँडरिन ठेवा, मराठी ठेवा आणि जर्मनच सोडा, त्याच शाळेच्या इंग्रजी विभागात टाका.

हेर_पुणेकर

दादांना शंभर टक्के अनुमोदन, आणि मी स्वतः जर्मनीत बसून हे म्हणतोय. इंग्रजी विभागातून आयबी डिप्लोमा (आंतरराष्ट्रीय बारावी) केला तरी जर्मनीतल्या विद्यापीठाचं दार बंद होत नाही, फक्त विषय नीट निवडलेले असले पाहिजेत, विशेषतः गणित-विज्ञानाचे. जर्मन विभागातून बारावीला अबिटूर (जर्मन शालान्त परीक्षा) मिळालं तर ही विषयांची कटकट नाही आणि भाषेचा वेगळा दाखला कुणी मागत नाही, हा फायदा खरा. पण तो बारा वर्षं टिकलं तर. मध्येच कंपनीनं पुण्याला किंवा डेट्रॉइटला पाठवलं तर सहावी-सातवीपर्यंत जर्मनमध्ये शिकलेलं पोर कुठल्या शाळेत घालणार? सीबीएसईत भूमितीचे शब्द इंग्रजीत पहिल्यापासून.

आणि फुकट शिक्षण फुकट शिक्षण जे ऐकता ते आता सरसकट राहिलेलं नाही. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्य युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो घेतं, आमच्या इथल्या टीयूएमनंही (म्युनिकचं तंत्र विद्यापीठ) २०२४ च्या हिवाळ्यापासून फी लावली.

कैरी_लोणचं

जर्मन का ठेवलीय ते सांगते. ती त्या भाषेत वाचायला शिकतेय. आत्ता, या महिन्यात. दुकानाच्या पाट्या, दुधाच्या पिशवीवरची अक्षरं, सगळं जर्मन उच्चारात वाचते, एमआरटीमधल्या (इथली मेट्रो) इंग्रजी सूचनासुद्धा, आणि शेजारचे लोक वळून बघतात. वाचायला शिकत असताना मध्येच माध्यम बदलणं मला धोक्याचं वाटतं. चौथीनंतर बदली झाली नाही तर इंग्रजी विभागाचा विचार करू, तोवर नाही.

मँडरिन 'माझी नाही' म्हणून सोडा असं मी म्हणतच नाहीये. दिवसाचे तास मोजून म्हणतेय. आठवड्याच्या दोन संध्याकाळी ट्यूशनला जातात, त्यातली एक मराठी गोष्टीला मिळाली तर मला चालेल. दुसऱ्या संध्याकाळी तिला खेळू दे.

भटकी_भाकरी

हे पटलं. पण मग वर्ग तरी कशाला, गोष्टच सांगा की.

कैरी_लोणचं

वर्ग त्या चार पोरांसाठी. मास्तर, एक विचारायचं राहिलं. आत्ता जर्मन अक्षरं चालू आहेत, इंग्रजीही येतेच आहे मागून. देवनागरी कधी सुरू करू? आत्ताच केली तर गोंधळ होईल का?

शाळामास्तर

आत्ता लिहायला लावू नका. बोलणं, ऐकणं, गाणी, भेंड्या, पाढे एवढंच. जर्मन वाचन सुरळीत झालं की, साधारण दुसरीच्या मध्याला, देवनागरी काढा. ती उच्चाराला धरून चालते त्यामुळे वाचता येणारं पोर पटकन पकडतं. जोडाक्षरांना घाई नको.

दादरचा_दादा

म्हणजे दुसरीच्या मध्यापर्यंत मराठीचा लिहायचा अभ्यास नाही. मग तोवर मँडरिन चालू ठेवता येईल, बरोबर ना?

कैरी_लोणचं

दादा, नाही.