मदत हवी आहे: पगार टिकत नाही, सवय कशी मोडावी?
नमस्कार. माझा पगार बेताचा असला तरी घर चालण्याइतका आहे, पण 20 तारखेनंतर दरमहा उसनवारी सुरू होते. वर्षभर मी क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरत आलो आणि उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याज चढते, हे परवा बिल नीट वाचताना प्रथमच लक्षात आले. आई मात्र आजही तांदळाच्या डब्यात 100 रुपयांच्या नोटेची घडी दडवून ठेवते आणि अडीनडीला तीच कामी येते. पोस्टात पाच वर्षांचे आवर्ती ठेव खाते उघडले, पण तिसऱ्याच महिन्यात हप्ता चुकला. आधी कार्ड फेडावे की बचतही चालू ठेवावी, आणि सैल हाताची ही सवय कोणी मोडली असल्यास नेमकी कशी, हे कृपया सविस्तर सांगावे.