अनुभव धागा: कॉर्कमध्ये गाडी न घेता राहताय का? बस, फुटपाथ, रस्ते, सगळं लिहा

टी१२कर

मंडळी, आयर्लंडचा विषय निघाला की सगळे डब्लिनबद्दलच बोलतात, तिथली लुआस ट्राम काय आणि डार्ट लोकल काय. आम्ही कॉर्कवाले. देशातलं दोन नंबरचं शहर, पण ट्राम नाही, मेट्रो नाही, आहेत त्या बसेस आणि कोव-मिडलटनकडे जाणारी एक छोटी लोकल. येऊन पावणेदोन वर्षं झाली, आता बायकोला शहराबाहेर पूर्वेला लिटल आयलंडला नोकरी लागलीय आणि घरात रोज एकच चर्चा, गाडी घ्यायची का नाही. बरं गाडी घेणं म्हणजे नुसते पैसे टाकणं नाही, आपलं भारतातलं लायसन इथे बदलून मिळत नाही, थिअरी द्या, शिकाऊ परमिट काढा, क्लासचे १२ धडे घ्या (जुनं लायसन दाखवलं तर कमी होतात), मग टेस्टच्या तारखेची वाट बघत बसा. इन्शुरन्सचा आकडा ऐकून तर मी खुर्चीतच बसलो. म्हणून म्हटलं, जे गाडीविना राहतात किंवा राहून कंटाळून गाडी घेतली त्यांना विचारावं. चांगलं वाईट दोन्ही लिहा, फक्त कुठल्या ऑफिसचं किंवा ड्रायव्हरचं नाव घेऊन उद्धार नको.

सुरुवात माझ्यापासून. पहिला आठवडा, भुरभुर पाऊस, मी स्टॉपवर शहाण्यासारखा उभा. डबलडेकर आली, ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि बस निघून गेली! पुढची पंचवीस मिनिटांनी. शेजारी एक आजी ट्रॉली बॅग घेऊन बसल्या होत्या, त्यांची बस वेगळी होती, त्यांनी सगळा तमाशा बघितला आणि मग सांगितलं, "हात दाखवावा लागतो, बॉय". इथे स्टॉपवर उभं राहणं म्हणजे बस हवीय असं कोणी धरत नाही. मी ४१ वर्षांचा आहे, पण कॉर्कमध्ये सगळेच बॉय. आता लांबून बस दिसली की पीएमटीला करायचो तसा अख्खा हात बाहेर काढतो.

रातपाळी

माझं उत्तर होय, राहता येतं, पण तुम्ही कुठे राहता आणि कुठे कामाला जाता यावर सगळं आहे. मी बॅलिनकॉलिगला राहते आणि डग्लसला एका नर्सिंग होममध्ये काम करते, म्हणजे शहराचं एक टोक ते जवळपास दुसरं टोक, आणि दोन्ही एकाच २२० नंबरवर. ही बस २०१९ च्या जानेवारीपासून चोवीस तास चालते. रात्री अडीचला, तीनला, ख्रिसमस पार्टीच्या दिवसांत सुद्धा मी एकटी आलेय. घरच्यांना सांगत नाही, आई झोपणार नाही.

रात्रीच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर कोणीतरी गात असतं, खाली चिप्सचा आणि व्हिनेगरचा वास. पण एक गोष्ट मला अजून नवलाची वाटते, कितीही प्यायलेला असो, उतरताना ड्रायव्हरला "थँक्यू" म्हणतोच. एकदा एक मुलगा पायरीवरून जवळजवळ पडलाच, फुटपाथवर सावरला, मग मागे वळून थँक्यू म्हणाला, मग पुढे गेला. मलाही सवय लागली. गेल्या वर्षी सुट्टीत नाशिकला सिटी बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हटलं, तर तो म्हणाला काय झालं ताई, काही विसरलं का.

पेठेतला

बोर्डावर ४ मिनिटं. मग ३. मग २. मग "आली". मग बोर्डावरून गायब, रस्त्यावर काहीच नाही, आणि खालची २६ मिनिटांची वर सरकते. याला इथले लोक भुताची बस म्हणतात. कोणती बस कोणाची ते सांगत नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना कळलं. पुण्यात निदान बोर्डच नव्हता त्यामुळे फसवणूक नव्हती.

सांगलीची

मला बसपेक्षा रस्त्यांबद्दल लिहायचंय, थोडं लांबेल.

मी २००९ मध्ये इथे शिकायला आले, सप्टेंबरमध्ये, आणि नोव्हेंबरमध्ये पूर. पहाटे वेस्टर्न रोडच्या बाजूला नदी आणि रस्ता वेगळा ओळखू येत नव्हता, विद्यापीठाच्या इमारतींमध्ये पाणी. आणि गंमत म्हणजे शहर पाण्यात आणि नळाला पाणी नाही, कारण पाणी शुद्ध करायचं केंद्रच बुडालं. हजारो घरांना कित्येक दिवस टँकर आणि बाटल्या. घरी फोन केला तर बाबा म्हणाले, बाहेर पाणी आणि घागर रिकामी, म्हणजे सांगलीच की! वरच्या बाजूला इनिस्कारा धरण, तिथून सोडलेल्या पाण्यावरून इतकी वर्षं वाद चालला, विद्यापीठाने केस केली आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकली. आम्हाला अलमट्टी, यांना इनिस्कारा.

त्यानंतर मी हे गाव नीट बघायला लागले. कॉर्क हे नावच आयरिशमधल्या दलदल या शब्दावरून आलंय. मध्यवर्ती भाग म्हणजे ली नदीच्या दोन फाट्यांमधलं बेट, आणि आज आपण जिथे शॉपिंग करतो ते मोठे रस्ते अठराव्या शतकापर्यंत पाण्याचे पाट होते, त्यात बोटी चालायच्या. पॅट्रिक स्ट्रीट असा वाकडा का आहे विचारा कोणालाही, तो खालच्या पाण्याच्या वळणाने गेलाय. साउथ मॉलवर जा, जुन्या घरांना रस्त्यापासून उंच पायऱ्या आणि मुख्य दार वर, आणि त्या पायऱ्यांच्या बाजूला खाली बसकी दारं दिसतील, ती बोटी आत घ्यायची दारं. आता कुठे वकिलांची पाटी आहे, कुठे कॅफे. ग्रँड परेडच्या कडेला टकी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक तोफ तोंड खाली करून जमिनीत पुरलीय, बोटींचे दोर बांधायला. लोक तिच्यावर कॉफीचा कप ठेवतात.

तर मुद्दा असा की हे शहर चालण्यासाठी झालंय, गाड्यांसाठी नाही. बेटावर इकडून तिकडे चालत वीस मिनिटं. गाडी घ्याल ती बेटाबाहेरच्या जगासाठी घ्याल.

दोन पोरांची आई

सांगलीच्या ताई, चालायला छान हे तुम्ही सडेफटिंग असताना. डबल प्रॅम घेऊन चाला एकदा. बेटावर सगळं सपाट, कडेला उतार केलेला, पिवळ्या ठिपक्यांच्या फरशा, सिग्नलला बटण, सगळं मान्य. पण नदी ओलांडून उत्तरेला चढायला लागलात की फुटपाथ एवढासा होतो, त्यात बुधवारी कचऱ्याचे डबे बाहेर, त्यात कोणीतरी दोन चाकं फुटपाथवर चढवून गाडी लावलेली. मग प्रॅम रस्त्यावर उतरवा. सेंट पॅट्रिक्स हिल तर चढ नाहीच, भिंत आहे ती, पर्वती बरी, तिला पायऱ्या तरी आहेत.

बसमध्ये प्रॅमला जागा एकच, व्हीलचेअर आली की आपण बाजूला, आणि ते बरोबरच आहे, पण मग दुसऱ्या प्रॅमवालीने पावसात पुढच्या बसची वाट बघायची. तीन वेळा तसं झालं तेव्हा आम्ही गाडी घेतली. मला अजिबात वाईट वाटत नाही.

घर शोधतोय

फुटपाथचं चाललंय तर जरा मान वर करून पण बघा. नॉर्थ मेन स्ट्रीट, बॅरक स्ट्रीट, किती घरं नुसती बंद आहेत. खिडकीला प्लायवुड, त्यावर रंगवलेले खोटे पडदे आणि कुंड्या, पन्हळीतून जांभळ्या फुलांचं झाड उगवलेलं. मी अठरा महिने टी१२ आणि टी२३ (शहराच्या दक्षिण आणि उत्तर बाजूचे पोस्टकोड) दोन्हीकडे भाड्याचं घर शोधतोय, एका खोलीला चाळीस लोक रांगेत, आणि रांग उभी कुठे तर अशाच एका बंद घरासमोर!

२०२० पासून इथल्या दोघांनी, फ्रँक ओ'कॉनर आणि ज्यूड शेरी, शहराच्या मध्यापासून दोन किलोमीटरच्या आतली अशी घरं चालत फिरून एकेक करून फोटोसकट मांडली, तेव्हा कुठे देशभर बोंब झाली. कायदा १९९० चा आहे, पडीक जागेच्या बाजारभावाच्या ७ टक्के दरवर्षी भरायचे असं त्यात आहे. वसूल किती होतात ते त्या पन्हळीतल्या झाडाला विचारा.

बसशी काय संबंध म्हणाल तर हाच, गावातली घरं रिकामी म्हणून आपण बारा किलोमीटर लांब राहतो आणि मग बसच्या नावाने रडतो.

ट्रामवाला आजोबा (वय ३६)

मी मुंबईचा, वडील बेस्टमध्ये होते त्यामुळे हे वेड रक्तात. कॉर्कमध्ये इलेक्ट्रिक ट्राम होती, १८९८ ते १९३१. लहान रूळ, तीन फुटांहून किंचित कमी. बस आली, ट्राम म्हातारी ठरली, रूळ उखडले. आपल्याकडे मुंबईत १९६४ ला तेच केलं, वडील शेवटच्या ट्रामच्या गर्दीची गोष्ट शंभरदा सांगायचे, त्यांनाही ती त्यांच्या वडिलांकडूनच कळलेली.

आता २०२५ च्या एप्रिलमध्ये कॉर्कच्या लुआसचा मार्ग मांडलाय, बॅलिनकॉलिग ते मॅहन पॉइंट, १८ किलोमीटर. म्हणजे पूर्व-पश्चिम आडवी रेघ. नकाशा बघून मला भरून आलं, पण आयर्लंडमध्ये नकाशे लई छान छापतात. डब्लिन एअरपोर्टला अजून रेल्वे नाही हे लक्षात ठेवा. टी१२कर, तुमच्या मुलाला कॉलेजला जायला होईल कदाचित, वहिनींच्या नोकरीसाठी थांबू नका.

लिटल आयलंडला मात्र ट्रेन आहे ना? केंट स्टेशनवरून. मग अडलंय कुठे?

टी१२कर

स्टेशन आहे, पण तिचं ऑफिस स्टेशनपासून लांब आहे आणि मधे मोठा रस्ता. हिवाळ्यात साडेचारला अंधार, वर पाऊस आडवा. एकदा चालून बघितलं, बूट दोन दिवस हीटरवर होते.

पाना रोज

दुकानदाराची बाजू पण ऐका जरा. नवऱ्याचं पॅट्रिक स्ट्रीटजवळ छोटं दुकान आहे (जुने लोक त्या रस्त्याला पाना म्हणतात). मार्च २०१८ ला तिथे रोज दुपारी ३ ते साडेसहा खाजगी गाड्या बंद केल्या, फक्त बस, टॅक्सी आणि सायकली. पहिले आठवडे रस्ता ओस, आम्ही काउंटरवर माशा मारत. व्यापाऱ्यांनी आरडाओरडा केला, बंदी थांबली, ऑगस्टमध्ये परत आली. तेव्हा मी भांडणाऱ्यांमध्ये होते. आज मात्र मला तो रस्ता दुपारी तीननंतरच आवडतो हे नवऱ्यासमोर कबूल करत नाही. कोविडमध्ये २०२० ला प्रिन्सेस स्ट्रीट बंद करून रस्त्यात टेबलं मांडली तेव्हा हीच माणसं, हीच दुकानं, कोणी बोललं नाही.

पण देखभाल! पानाचं नवं रूप बेट गॅली नावाच्या बार्सिलोनाच्या वास्तुविशारद बाईंनी केलं, २००५ ला कॉर्क युरोपची सांस्कृतिक राजधानी होती त्याच्या आधी पूर्ण झालं. ते तिरके उंच दिवे काहींना बोटीच्या डोलकाठ्या वाटतात, आमच्या सासूबाईंना क्रेन वाटतात. खाली छान दगडी फरशी. मग कोणीतरी केबलसाठी खणतं आणि फरशी परत न बसवता डांबराचा काळा ठिगळ. आमच्या दाराबाहेर एक आहे, आकार अगदी गोव्याच्या नकाशासारखा. त्यावर च्युइंगगम. रोज झाडताना दिसतो.

सायकलस्वार

विद्यार्थी असाल तर रस्त्यातल्या स्टँडवरच्या भाड्याच्या सायकली घ्या, वर्षाचे १० युरो, पहिला अर्धा तास फुकट. बेट सपाट आहे. मेरी एल्म्स पूल फक्त चालणाऱ्यांना आणि सायकलींना, २०१९ चा. परत करायला जागा नसते कधीकधी, तेव्हा पुढच्या स्टँडला जा आणि शिव्या घाला. बस.

आई आली होती

सासूबाई-सासरे तीन महिने आले होते. इथल्या ६६ वर्षांवरच्या रहिवाशांना प्रवास फुकट असतो, आपल्या पाहुण्या ज्येष्ठांना नाही, बाबांना हे फार लागलं, एसटीत अमृत योजना आहे म्हणाले. त्यांना केंटवरून कोवला नेलं, पंचवीसेक मिनिटं, खिडकीतून दोन्हीकडे पाणी. स्पेलिंग वाचून बाबा अख्खा दिवस कोभ कोभ म्हणत होते. टायटॅनिक शेवटची तिथेच थांबली होती १९१२ ला, हे कळल्यावर आईंनी धक्क्यावर उभं राहून हात जोडले, आणि परतीच्या गाडीत डब्यातल्या दशम्या समोरच्या अनोळखी बाईंना दिल्या. त्या बाईंनी कृतीच मागितली, मी गुळाला इंग्लिशमध्ये काय म्हणतात यावर अडकले. आता महिन्यातून एकदा त्या बाई मला गाडीत भेटतात.

रातपाळी

@टी१२कर, वहिनींची शिफ्ट किती वाजता सुटते? आमच्या इथली एक मैत्रीण लिटल आयलंडला त्याच बाजूला गाडीने जाते, बॅलिनकॉलिगवरून, पेट्रोलचे अर्धे दिले तर नेईल. विचारू का?

टी१२कर

साडेपाच! विचारा विचारा, आजच विचारा. तोवर मी थिअरीचं पुस्तक मागवून ठेवतो, दोन्ही दगडांवर पाय. आणि मघाशी घरी येताना बस लांबून दिसली, हात काढला, पूर्ण बाहेर, अगदी खांद्यापासून. ड्रायव्हरने पण हात केला आणि निघून गेला. वर पाटी बघितली तर लिहिलेलं, सेवेत नाही.