रोटरीत जावं का? वेळ आणि पैसे नक्की किती जातात?

कृष्णाकाठ
सांगलीत येऊन तीन वर्षं झाली, हार्डवेअरचं दुकान आहे, वय ४४. शेजारचे चष्मेवाले काका मागे लागलेत की रोटरी क्लबात (समाजसेवा करणारा क्लब) ये, गुरुवारी पाहुणा म्हणून चल, तुझं नाव मी सुचवतो. खरं सांगायचं तर मला दोन्ही हवंय, गावात चार ओळखी पण व्हाव्यात आणि काहीतरी कामाचं हातून पण व्हावं. बायको म्हणते कोट घालून जेवायचं आणि पेपरात फोटो द्यायचा, एवढंच असतं ते. तसलाच दुसरा क्लब म्हणजे लायन्स, ते पण विचारून गेलेत. फी किती, वेळ किती, जमवलेला पैसा जातो कुठे?

यार्डातला
नऊ वर्षं आहे मी, वहिनी अर्ध्या बरोबर आहेत 😀 रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, तेव्हा पदग्रहण, कोट, हार, फोटो सगळं यथासांग. बाकी वर्ष तिकिटं खपवण्यात जातं. डायलिसिस मशीनसाठी आम्ही भावे नाट्यमंदिरात नाट्यसंगीत ठेवलं होतं, माझ्या वाट्याला ५० पास. हळदीच्या एका अडत्याकडे गेलो, त्यानं चहा पाजला, अर्धा तास दराचं रडगाणं ऐकवलं आणि शेवटी म्हणाला ठेवा दोन, येणार कोण नाही पण. त्या दोनाच्या पैशासाठी तीन फेऱ्या झाल्या. ११ पास उरले ते माझ्याच खिशातून. हे ज्याला जमतं तोच टिकतो, बाकीचे दोन वर्षांत गळतात.
वर्गणीत रोटरी इंटरनॅशनल (जागतिक संस्था), डिस्ट्रिक्ट (आपल्या भागातल्या क्लबांचा गट) आणि क्लब असे तिन्ही हिस्से असतात, वर जेवणं. माझे सगळे धरून वर्षाला १५-१६ हजार जातात, तुमच्याकडे वेगळं असेल, विचारून घ्या, लाजू नका. मीटिंग पूर्वी दर आठवड्याला असायचीच, २०१६ पासून महिन्यातून किमान दोनदा असली तरी नियमात बसतं.

हिशेबनीस
मी एका क्लबात चार वर्षं ट्रेझरर होतो, सोडला, नाव घेत नाही. तिथं शाळेला मोठा टीव्ही दिला होता, पुढच्या वर्षी नव्या अध्यक्षांना विचारलं तो चालू आहे का, तर म्हणाले "तो मागच्यांचा प्रोजेक्ट". दरवर्षी खुर्ची बदलते ना, त्यामुळे प्रत्येकाला स्वतःचीच फीत कापायची असते.
तुम्ही एवढंच विचारा की वर्गणीचं आणि देणग्यांचं खातं वेगळं आहे का आणि क्लबचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे का. लोकांकडून मशीनसाठी घेतलेल्या पैशातून जेवण होता कामा नये. आणि ८०जीच्या, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीच्या, आशेवर जाऊ नका, वर्गणीला ती सूट नाहीच, देणगीला आहे पण रोख २००० च्या वर दिली तर नाही, ट्रस्टकडून देणगीचं सर्टिफिकेट (१०बीई) लागतं, आणि नव्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर विषयच संपला.

मिरजेची सून
काका जोडीनं बोलावतात का एकट्याला? कारण मला आधी सगळे म्हणायचे तुम्ही इनरव्हीलमध्ये जा, रोटेरियनच्या बायकांचं ते. अहो, १९८९ पासून बायकांना रोटरीतच थेट घेतात! मी स्वतःच्या नावानं मेंबर आहे, आमच्या ह्यांना वेळ नाही. लायन्सबद्दल म्हणाल तर त्यांचा फार पूर्वीपासून डोळ्यांवर भर, मोतीबिंदू शिबिरं वगैरे, रोटरीचं नाव पोलिओमुळे. पण गावपातळीवर फरक माणसांचा असतो, बोर्डाचा नाही. मी तर आधी आमच्या रोटरी क्लबाच्या एका शिबिराला नुसती मदतीला गेले, सकाळी सातला म्हाताऱ्यांच्या रांगेत कोण उभं होतं आणि अकराला फोटोपुरतं कोण उगवलं ते बघितलं, मगच फॉर्म भरला.

कृष्णाकाठ
गुरुवारी जाऊन आलो. ट्रेझररना दोन खात्यांचं विचारलं तर त्यांनी लगेच मोबाईलवर दोन्ही उघडून दाखवली, उलट खूश झाले, म्हणाले पाहुणा हे विचारत नाही कधी. भाषण रटाळ, आमरस चांगला होता. निघताना काकांनी हातात २० पास ठेवले, अजून मेंबर पण नाही मी! बायकोनं दोन घेतले, पैसे नंतर देते म्हणाली.

यार्डातला
तीन फेऱ्या धरून चला 😀